सातऱ्यावरचा कॅमेरा



मिरचीच्या हंगामात विदर्भातल्या कुही-मांढळच्या रस्त्याने येणाऱ्याला गाव दिसण्याआधी ठसका लागतो. सातऱ्यावर, म्हणजे मिरची खुडायच्या मोकळ्या जागेवर, लाल मिरची पसरलेली असते आणि तिच्या कडेला बायका ओळीने बसून देठ खुडत असतात. नाकातोंडावर पदर किंवा दुपट्टा आवळलेला, मांडीशी टोपली, मागे भरत चाललेलं पोतं. मजुरी किलोवर, त्यामुळे बोटं थांबत नाहीत. एकीला खोकला आला की तो ओळीतून पुढे सरकत जातो.

या सातऱ्यावर बीएच्या दुसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी मोबाइल घेऊन उभा आहे, असं समजू. त्याची आई किंवा काकू याच ओळीत बसलेली असू शकते. पहिल्या दिवशी तो काय टिपेल? उंचावरून दिसणारा लाल रंग, उन्हात उडणारी धूळ, एखाद्या आजीचा सुरकुतलेला चेहरा. वर एक गाणं टाकलं की दीड मिनिटाची देखणी रील तयार. दुसऱ्या खेपेला त्याला बोटं दिसतील. तिसऱ्या खेपेला तराजू दिसेल, तराजूजवळची वही दिसेल, आणि किलोचा भाव ठरवणारा माणूस या ओळीत कुठेच नाही, हेही लक्षात येईल. चौथ्या खेपेला तो मोबाइल खिशात ठेवून नुसता ऐकेल, कारण बायका आपसांत जे बोलतात ते कॅमेरा समोर असताना बोलत नाहीत.

पहिल्या खेपेपासून चौथ्या खेपेपर्यंतचं हे अंतर विद्यार्थ्याला चालायला लावणं, हेच चित्रपट आणि माध्यमांच्या पदवी अभ्यासक्रमाचं काम आहे. बाकी सगळं, म्हणजे सॉफ्टवेअर, कॅमेऱ्याचे आकडे, सादरीकरणाच्या फायली, त्या चालण्याला मदत करणारं सामान आहे.

‘सिनेमा शिकून पोरगं करणार काय?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि तो योग्यच आहे. ज्या घरात वर्षभराचं गणित धान, तूर आणि मिरचीच्या भावावर बसतं, त्या घराने तीन-चार वर्षांच्या शिक्षणाचा हिशेब मागितला तर त्यात चूक काही नाही. मात्र उत्तर देताना विद्यापीठं घाईने रोजगाराच्या याद्या वाचून दाखवतात, तिथे गडबड होते.

आपल्याकडे सिनेमाची पदवी ही फार उशिरा आलेली गोष्ट. मॉस्कोची चित्रपटशाळा १९१९ची, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातला विभाग १९२९चा. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली ती १९६०मध्ये, आणि आजही तिच्या मुख्य दीर्घ अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो तो कुठल्याही शाखेचा पदवीधर झाल्यावर. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने १९९३मध्ये चित्रपट-अभ्यासाचा स्वतंत्र विभाग सुरू केला, तोही पदव्युत्तर पातळीवर. मुंबई विद्यापीठाचा बीएमएम २०००च्या सुमारास आला, पुढे त्याचं नाव बीएएमएमसी झालं. पदवीच्या वयात माध्यमं शिकण्याची सोय मराठी मुलांना मिळाली ती अशी अलीकडे.

त्याआधीची माणसं पदवीला काय शिकत होती, हे पाहण्यासारखं आहे. राजकुमार हिरानी नागपूरचे. त्यांच्या वडिलांची टायपिंगची संस्था होती. हिरानींनी नागपुरात वाणिज्य शाखेची पदवी घेतली, नाटकं केली आणि मग पुण्याला जाऊन संकलन शिकले. ‘कोर्ट’ करणारा चैतन्य ताम्हाणे मुंबईत इंग्रजी साहित्य शिकला. आनंद पटवर्धनांनीही साहित्यात पदवी घेतली आणि पुढे समाजशास्त्राकडे वळले. पायल कपाडिया अर्थशास्त्राची विद्यार्थिनी; तिच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४मध्ये कानमध्ये ग्रां प्री मिळालं. जब्बार पटेल तर डॉक्टर. या यादीचा अर्थ सिनेमाची पदवी निरुपयोगी आहे, असा काहीजण काढतात. तो बरोबर नाही. या माणसांना सिनेमाकडे येण्याआधी दुसऱ्या एका विषयाने घडवलं होतं. हिशेब, समाजशास्त्र, रोग, कादंबरी यांतून माणसं कशी वागतात ते त्यांनी पाहिलं होतं. आता अठराव्या वर्षीच मूल सिनेमाच्या वर्गात बसणार असेल, तर ते ‘दुसरं काही’ त्या वर्गातच आणावं लागेल. ज्या अभ्यासक्रमात अर्थशास्त्र, इतिहास, शेती आणि कायदा यांना जागा नाही, तो मुलांना कॅमेरा धरायला शिकवेल. कशावर धरायचा, ते शिकवणार नाही.

फाळक्यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं, पण त्यातला खरा धडा फार कमी वेळा सांगितला जातो. १९१२मध्ये लंडनहून कॅमेरा आणून बसल्यावर त्यांच्याकडे ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा नव्हता. सावकाराला पटवायचं कसं? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या चौकटी टिपत राहिले. पडद्यावर मिनिटभरात बी फुटून वेल वर आला. ती चिमुकली फिल्म ‘अंकुराची वाढ’ म्हणून ओळखली जाते. तिने कर्ज मिळवून दिलं आणि ३ मे १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. सरस्वतीबाई फाळके कोऱ्या फिल्मला काठाची भोकं पाडण्यापासून कामगारांच्या जेवणापर्यंत सगळं सांभाळत होत्या. त्यांचं नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात आलं पाहिजे.

वाटाण्याचा तो प्रयोग आजच्या कुठल्याही महाविद्यालयात पहिल्या सत्राचा स्वाध्याय म्हणून देता येतो. एक कुंडी, एक मोबाइल, एक तिपाई. रोज त्याच वेळेला, त्याच जागेवरून, एकही दिवस न चुकवता. यातून विद्यार्थी दोन गोष्टी शिकतो. एक, सिनेमा हा वेळेशी केलेला व्यवहार आहे. दुसरी, या कामात शिस्त ही प्रतिभेच्या आधी येते. कुहीच्या मुलाने वाटाण्याऐवजी मिरचीचं रोप घ्यावं.

कोल्हापुरात १९१७-१८च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. कॅमेरा स्वतः जुळवला. शांताराम, दामले, फत्तेलाल त्या कंपनीत घडले आणि १९२९मध्ये त्यांनी इतर मंडळींसह प्रभात काढली. तिथे अभ्यासक्रम नव्हता, कारखाना होता. पडदे रंगवणाऱ्या हाताला उद्या प्रकाशयोजना करावी लागे, परवा पोशाख. प्रभात १९३३मध्ये पुण्याला आली आणि पुढे त्याच आवारात शाळा भरू लागली. विद्यापीठाच्या वेळापत्रकात हा कारखाना आणणं कठीण आहे, हे मान्य. पन्नास मिनिटांची तासिका संपली की घंटा होते आणि चित्रीकरण अर्ध्यावर राहतं. तरी आठवड्यातला एक पूर्ण दिवस तासिकांतून मोकळा ठेवणं एवढं तरी प्रत्येक महाविद्यालयाला जमण्यासारखं आहे.

आता वर्गात काय घडावं, याचं एकच उदाहरण जरा सावकाश पाहू. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३चा. त्यात एक प्रसंग आहे. जब्या आणि त्याचं कुटुंब गावातलं डुक्कर पकडायला धावतंय. शाळा शेजारीच. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो, मग घरचे सगळे उभे राहतात, आणि डुक्कर निसटतं. पुढे ते डुक्कर काठीला बांधून नेलं जातं तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रं दिसतात. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ आपल्याकडे येतो.

राष्ट्रगीताचा हा प्रसंग वर्गात चार वेळा दाखवावा. पहिल्यांदा जसा आहे तसा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा पडदा झाकून, फक्त आवाज. चौथ्यांदा प्रत्येक कटला थांबत. आवाज बंद केल्यावर मुलांना कळतं की उभं राहण्याचं कारणच गेलं, माणसं उगाच थिजल्यासारखी दिसतात. पडदा झाकल्यावर उरतं फक्त शाळेतलं रोजचं गाणं, त्यात कुणाचाही अपमान ऐकू येत नाही. दोन्ही एकत्र आले की काय होतं, ते मग विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत दोन पानं लिहून काढावं. एका तासात मुलाला ध्वनी आणि दृश्य यांचं नातं जितकं समजेल, तितकं व्याख्या पाठ करून एका सत्रात समजत नाही.

आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे की मंजुळे स्वतः वर्गातून आलेले दिग्दर्शक आहेत. पुणे विद्यापीठात मराठीत एमए केल्यावर ते अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकायला गेले. ‘पिस्तुल्या’ हा लघुपट तिथल्या अभ्यासाचा भाग म्हणून झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पुणे-मुंबईच्या नामांकित संस्थांपासून दूर, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयाच्या वर्गात तो लघुपट जन्मला. कुहीत बसलेल्या प्राध्यापकांनी ही गोष्ट उशाशी ठेवावी.

साधनं कमी आहेत ही तक्रार खरी आहे. पण मॉस्कोच्या शाळेत सुरुवातीला कोरी फिल्मच मिळत नव्हती. तेव्हा तिथले शिक्षक कुलेशॉव्ह आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जुन्याच फिल्मा कापून पुन्हा पुन्हा जोडल्या. एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा रश्श्याच्या वाडग्याला, एकदा शवपेटीला, एकदा एका स्त्रीला जोडला, आणि पाहणाऱ्यांना त्या चेहऱ्यावर दर वेळी वेगळी भावना दिसली. संकलनाच्या शास्त्राचा पाया अशा टंचाईत घातला गेला. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आहे, त्यामुळे टंचाई फिल्मची उरलेली नाही. ती वेळेची आहे, शिक्षकांची आहे आणि मराठीत वाचायला मिळणाऱ्या मजकुराची आहे.

शिक्षकांच्या बाबतीत विदर्भाने आपला इतिहास विसरू नये. सिराक्यूज विद्यापीठातले रोलँड वूल्सली १९५२मध्ये नागपूरला आले आणि त्यांनी हिस्लॉप महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग उभा केला. देशात पत्रकारितेचे विभाग बोटांवर मोजण्याइतके होते, तेव्हाची ही गोष्ट. नागपुरात ‘हितवाद’ १९११पासून निघत होता, आकाशवाणी केंद्र १९४८मध्ये सुरू झालं होतं. म्हणजे विद्यार्थ्याला शिकायला वर्ग आणि पाहायला कामाची जागा, दोन्ही सायकलच्या अंतरावर होती. त्याच हिस्लॉपमध्ये पुढे क्रीडाशिक्षक असलेले विजय बारसे झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवू लागले आणि त्यांच्यावर ‘झुंड’ आला, २०२२मध्ये. त्यातली बरीच मुलं नागपूरच्या वस्त्यांतूनच निवडलेली. ‘कोर्ट’मधला शाहीर नारायण कांबळे उभा करणारे वीरा साथीदार हेही नागपूरचेच. म्हणजे विषय इथला, माणसं इथली, चेहरे इथले. फक्त कॅमेऱ्यामागचा माणूस बहुतेक वेळा बाहेरून येतो. वैदर्भीय पदवीधरांकडून पहिली अपेक्षा आहे ती ही जागा घेण्याची.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. उत्तरपत्रिका मराठीत लिहायची मुभा असते, पण संदर्भाची पुस्तकं इंग्रजी असतात, आणि मधल्या मधे मूल गाईडवर येऊन थांबतं. शॉट, कट, क्लोजअप, ट्रॉली हे शब्द आता मराठी झाले आहेत. त्यांना पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये. संकलन, पटकथा, छायालेखन हे शब्दही रुळले आहेत. अडचण शब्दांची नाही, गद्याची आहे. पडद्यावर जे घडतं ते मराठी वाक्यात नेमकं सांगता येणं, ही सवय लागलेली नाही. ती लागू शकते याचा पुरावा अरुण खोपकरांनी दिला आहे. गुरुदत्तवरच्या त्यांच्या मराठी पुस्तकाला सिनेमावरील सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ‘चलत्-चित्रव्यूह’ला २०१५चा साहित्य अकादमी पुरस्कार. १९६८पासून मुंबईत काम करणारं प्रभात चित्र मंडळ ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक काढत आलं. ही पुस्तकं आणि हे अंक किती महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आहेत, याची पाहणी या संमेलनाला आलेल्या प्राध्यापकांनी सोमवारी आपापल्या कपाटापासून सुरू करावी.

बोलीतल्या रंगभूमीचंही तसंच. कुही हे झाडीपट्टीच्या उंबरठ्यावरचं गाव. दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं इथल्या लोकांनी पाहिलेली आहेत. पूर्वेकडे वडसा-गडचिरोलीकडे झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, तिकीट काढून लोक येतात. परशुराम खुणे यांना त्या रंगभूमीसाठी २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. इतका मोठा तिकिटावर जगणारा मनोरंजनाचा व्यवसाय दाराशी असताना ‘माध्यम व्यवस्थापन’ या विषयाच्या प्रश्नपत्रिकेत मुलांना हॉलिवूडच्या कंपन्यांची नावं विचारली जातात. एका झाडीपट्टी नाटक कंपनीचा एका हंगामाचा जमाखर्च मांडून आणणारा प्रकल्प त्याहून शंभरपट शिकवेल.

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आली. तिच्यात क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. पुष्कळ ठिकाणी हे श्रेयांक प्रमाणपत्र जोडून पुरे केले जातात. सातऱ्यावरचा तो विद्यार्थी चार वेळा तिथे गेला, त्याने बायकांची परवानगी घेतली, काम झाल्यावर त्यांना फिल्म दाखवली आणि त्यांनी ‘हे काढून टाक’ म्हटलेलं काढून टाकलं, तर हाच खरा क्षेत्रप्रकल्प. परवानगी आणि परत जाऊन दाखवणं या दोन गोष्टींना वेगळे गुण हवेत. गरिबाचा चेहरा फुकट मिळतो, ही समजूत माध्यमांच्या धंद्यात फार खोल गेली आहे. ती पहिल्या वर्षातच उखडली पाहिजे.

आणि नोकरी? खरं तेच सांगावं. या पदवीने मुंबईत दिग्दर्शकाची खुर्ची मिळत नाही. मिळतं ते लिहिण्याचं, संकलनाचं, ध्वनीचं, उपशीर्षकांचं, वार्तांकनाचं, जतनाचं काम, आणि तेही चिकाटी धरणाऱ्याला. महाविद्यालयांनी स्वतः कामाच्या जागा निर्माण कराव्यात, हा एक मार्ग आहे. शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना २०००च्या दशकाच्या सुरुवातीपासून मिळू शकतो. २००४मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने तसं केंद्र चालवून दाखवलं, आणि आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी ग्रामीण बायांच्या आवाजात बोलते. दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत मिरचीचा भाव, वाघाची खबर, एसटीची वेळ आणि खडी गंमतीचं ध्वनिमुद्रण ऐकवणारं एक केंद्र कुही तालुक्याला नक्कीच पेलेल.

शेवटचा मुद्दा जतनाचा, आणि तो इथल्या मातीचा.

याच तालुक्यात वैनगंगेच्या काठी आंभोरा आहे. शके १११०चा ‘विवेकसिंधु’ मुकुंदराजांनी इथे लिहिला, असं विदर्भ मानतो. मराठवाडा अंबाजोगाईचं नाव घेतो, तिथे त्यांची समाधी दाखवतात. या वादावर वीस मिनिटांचा माहितीपट करायला दिला तर विद्यार्थ्याला दोन्ही गावांना जावं लागेल, हस्तलिखितं आणि अभ्यासक गाठावे लागतील आणि श्रद्धा कुठे संपते, पुरावा कुठे सुरू होतो हे पडद्यावर दाखवावं लागेल. मराठी, इतिहास आणि माध्यमं असे तीन विभाग एकत्र आणणारा याहून चांगला विषय सापडणं अवघड.

त्याच वैनगंगेवर गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८मध्ये झाली आणि पुढे पाणी चढत गेलं तशी या तालुक्यातली अनेक गावं उठली. नर्मदेवर पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी १९९५मध्ये माहितीपट केला. वैनगंगेकाठच्या गावांकडे तसा कॅमेरा अभावानेच वळला. कुहीवरून जाणारी नागपूर-नागभीड छोटी गाडी २०१९मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. तिच्या डब्यातला आवाज कुणी नीट ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे का?

पी. के. नायर यांनी १९६४मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी नाशिकला फाळक्यांच्या मुलांकडे जाऊन ‘कालिया मर्दन’ची रिळं मिळवली. घरात पडून असलेल्या डब्यांत राष्ट्राचा ठेवा होता. इथल्या घरांतही असे डबे आहेत. नव्वदच्या दशकात गावोगाव लग्नांचं व्हिडिओ शूटिंग झालं. त्या व्हीएचएस कॅसेटांत नवरानवरीच्या मागे अंगण आहे, वेशीवरचं झाड आहे, देऊळ आहे, नदीचा जुना घाट आहे आणि आता पाण्याखाली असलेली अख्खी गल्ली आहे. कॅसेटला बुरशी धरते, चुंबकीय पट्टी दरवर्षी थोडी थोडी पुसली जाते, आणि ती वाजवणारी यंत्रंही आता दुर्मीळ होत चालली आहेत.

म्हणून या व्यासपीठावरून मागणं एकच. उठलेल्या गावांतल्या कुणाच्या घरी माळ्यावर, पेटीत, कपाटाच्या वर अशी कॅसेट असेल तर ती फेकू नका आणि ऊन-ओलीत ठेवू नका. आपल्या जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणून द्या, वर गावाचं नाव, लग्नाचं साल आणि ओळखू येतील त्या माणसांची नावं लिहून. आणि माध्यमांच्या विद्यार्थ्यांनी येत्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर आधी आपल्याच आजीला विचारावं, ती कॅसेट कुठे ठेवली आहे.